दापोडीच्या खोलीतली सत्तावीस इंची स्क्रीन

"तुमच्या दुकानातले गमतीदार अनुभव लिहून द्या," असं संपादिकाबाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा मी पटकन हो म्हणून बसले. कागद पुढे ओढल्यावर लक्षात आलं, की गमती फार थोड्या आहेत. ज्या आहेत, त्या सांगून झाल्या की एकच आठवण उरते, आणि ती गमतीची नाही. तेव्हा गमती आधी सांगून टाकते. पुढचं वाचायचं की पान उलटायचं, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

मी मराठी घेऊन एम. ए. झाले. कविता हा माझा विशेष विषय होता. ओळीत यती कुठे पडावा, कुठल्या शब्दाचं वजन कुठल्या शब्दावर पडतं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. नंतर प्राध्यापकीच्या मुलाखती दिल्या. तिथे माझ्या आवडत्या कवितेविषयी आस्थेनं विचारत, चहा देत, आणि जागा आधीच ठरलेल्या माणसाला मिळे. अखेर चिंचवडच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात 'गिऱ्हाइकाशी नीट बोलणारी बाई पाहिजे' म्हणून मला काउंटरवर उभं केलं. तिथे उभ्या उभ्या माझे केस पांढरे झाले. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे शेठ म्हणत असू, ते आरंभी मला कौतुकानं 'कवयित्रीबाई' म्हणत. पुढे कौतुक सरलं आणि 'मॅडम' उरलं.

आता ते दुकान नाही. त्या जागेत मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. लोक कॉम्प्युटर बोटाच्या टोकानं मागवतात आणि खोका दारात येतो. पण मला अजून रस्त्यानं जाताना कुठे थर्मोकोल मोडल्याचा तो कर्रकन आवाज आला, की नव्या मशीनचा वास आठवतो. कोरं प्लॅस्टिक, किंचित तापलेलं तांबं, आणि स्क्रीनवरचा पातळ पापुद्रा सोलताना हातावरची लव उभी करणारी ती चुरचुर. माझ्या आयुष्यातला सुगंध म्हणून सांगायचा तर मला हाच सांगावा लागेल.

गमतींकडे येते. मारुंजीचे एक आजोबा आले होते. शेतावर बिल्डरचे टॉवर उभे राहिलेले, गळ्यात जाड गोफ, पायांत मात्र जुन्याच वहाणा.

"बाय, तुझ्याकडचा सगळ्यात मोठा दाव."

"दाखवते, बाबा. पण काम काय करायचंय त्यावर?"

"काम? आता कसलं काम ऱ्हायलंय? हालमदी ठेवायचाय. पाव्हणं येत्यात."

मी मोठी स्क्रीन दाखवली, शेजारी तिचा कॅबिनेट ठेवला. आजोबांनी त्याकडे बोट केलं. "ह्यो डबा कशापायी? ह्यो नगं आमाला. नुसती काच द्या."

"बाबा, सगळा कॉम्प्युटर या डब्यातच आहे. काच नुसती दाखवते."

त्यांनी डब्याकडे थोडा वेळ संशयानं पाहिलं. "मंग दडवा त्याला टेबलाखाली," ते म्हणाले, "येवढं इद्रूप कुनाच्या डोळ्यापुढं कशाला?"

दुसरे एक गृहस्थ निगडीहून सुतळीचा तुकडा घेऊन आले. त्याला दोन गाठी मारलेल्या. पूर्वीच्या अवजड टीव्हीसाठी भिंतीत लाकडी कोनाडा करून घेतलेला, टीव्ही गेला आणि कोनाडा ओकाबोका राहिला. "या गाठीपासून त्या गाठीपर्यंत बसेल असा कॉम्प्युटर द्या," म्हणाले. आत काय असावं, हा प्रश्नच त्यांच्याकडे नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "आत काय, चांगलंच असेल की. तुम्ही वाईट थोडंच विकता?"

तर हा असा व्यवसाय. बाहेरच्यांना तो गुंतागुंतीचा वाटतो, पण घरासाठी कॉम्प्युटर निवडायचा तर खरं म्हणजे दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. काम करणारा भाग कोणता घ्यायचा आणि दाखवणारा भाग केवढा घ्यायचा. प्रोसेसर काम करतो, स्क्रीन ते दाखवते. प्रोसेसर निवडताना मी एकच विचारायची: "घरात सगळ्यांत जड काम कोण करणार आहे?" चौघांच्या घरात तिघं सिनेमे पाहणार, बिलं भरणार, फोटो साठवणार. त्यांना कुठलाही प्रोसेसर चालतो. चौथं माणूस घराचा नकाशा काढणार असेल, व्हिडिओ जोडणार असेल, यंत्राचे भाग आखणार असेल, तर मशीन त्या एकट्याच्या मापानं घ्यायचं. बाकीचे तिघं त्यात आपोआप मावतात. उलट केलं तर तिघांचं भागतं आणि चौथ्याचं अडतं.

स्क्रीनचं माप मी हातानं घ्यायला लावायची. खुर्चीत बसा, हात समोर पसरा, बोटं जिथे पोचतील तिथे स्क्रीन येते. तेवढ्या अंतरावर बावीस-चोवीस इंच पुष्कळ झाले. त्याहून मोठी घेतली, तर दोन टोकं पाहायला मान फिरवावी लागते, आणि स्वस्तातली मोठी असेल तर अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. हे सगळं मी कितीदा सांगितलं असेल! लोक माना डोलवत आणि भिंतीवरच्या सर्वांत मोठ्या स्क्रीनकडे बघत राहत. तिच्यावर कुठल्या तरी परदेशी तळ्याचं निळंशार चित्र अखंड हलत असे.

आता ती आठवण.

वाघमारेकाका आणि त्यांची धाकटी मुलगी सुजाता प्रथम आले, तो पावसाळा सरल्यानंतरचा एक स्वच्छ दिवस होता. काका चाकणच्या एका कंपनीत प्रेसशॉपमध्ये फिटर. राहायला दापोडीत, रेल्वेच्या कडेच्या गल्लीत. त्यांच्या कपड्यांना कटिंग ऑइलचा, गोडसर करपल्यासारखा वास होता. धुऊनही न जाणारा. कारखान्यांच्या या पट्ट्यात वाढलेल्या आम्हा सगळ्यांना तो ओळखीचा, कारण एके काळी संध्याकाळी घरोघरचे वडील तो वास घेऊनच दारात येत.

सुजातानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. त्यावर यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर उभे करण्याचा, आखण्याचा कोर्स केला होता. बोलायची हळू, पण कामाचं नाव निघालं की तिचे हात बोलू लागत. हवेत बोटांनी एक चौकोन धरायची, तो फिरवायची, त्याला भोक पाडायची.

"भोसरीत एक टूलरूम आहे, ताई," ती म्हणाली. "ते फिक्श्चरची ड्रॉइंग्ज बाहेर देतात. फिक्श्चर म्हणजे जॉब, घडवायचा भाग, पकडून ठेवायचं साधन. घरून केलं तरी चालेल म्हणालेत. एक टेस्ट देणार आहेत, पूर्ण असेंब्लीची. ती जमली, तर काम कायमचं."

"घरूनच करायचंय का?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. काका म्हणाले, "हिची आई अंथरुणावर आहे, ताई. अर्धं अंग गेलंय. माझ्या शिफ्टा. थोरलीचं लग्न झालं उन्हाळ्यात. आता घरात हीच. हिला कंपनीत कसं पाठवणार?"

म्हणजे या मुलीला मिळू शकणारं काम जगात एकच होतं, आणि ते एका मशीनमधून येणार होतं. मी तिच्या सॉफ्टवेअरचं नाव विचारलं, आणि माझ्या सवयीप्रमाणे काकांना समजेल अशा भाषेत सांगू लागले.

"काका, प्रोसेसर म्हणजे तुमच्या मशीनची मोटर समजा. रॅम म्हणजे बेड, काम मांडायची जागा. बेड मोठा असेल तर मोठा जॉब चढतो, पण मोटर कमी पडली तर कट घेताना दमते."

"म्हणजे लोड आला की बसणार," काका लगेच म्हणाले.

"अगदी तसंच. हिच्या असेंब्लीत शंभर भाग असतील. ते सगळे एकदम फिरवायचे, म्हणजे लोड."

त्यांना ते इतकं नेमकं कळलं, की मला शिकवण्याचा तो जुना, कधीच न मिळालेला आनंद क्षणभर झाला. मी सहा कोअरचा मधल्या श्रेणीतला प्रोसेसर सुचवला, उभा कॅबिनेट, पुढे ग्राफिक कार्ड बसवायला जागा असलेला, आणि बावीस इंची साधी स्क्रीन. काकांनी चालू असलेल्या नमुन्याच्या कॅबिनेटवर तळवा ठेवला. बेअरिंगची चाल तपासतात तसा, डोळे मिटून.

"चाल एकसारखी आहे," ते म्हणाले. "हेच घेऊ. रविवारी येतो."

रविवारी ते आले, पण तिघं. सोबत त्यांचे जावई, निखिल. हिंजवडीत मोठ्या कंपनीत कामाला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं, चेहरा हसतमुख. मला तो माणूस वाईट वाटला नाही, आजही वाटत नाही, आणि याचाच मला जास्त त्रास होतो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्नानंतरचं पहिलं वर्ष जावयाचं असतं. त्याच्या ताटात आधी वाढायचं, त्याच्या शब्दानंतर दुसरा शब्द बोलायचा नाही. त्यात जावई आय.टी.तला आणि वस्तू कॉम्प्युटर. काकांनी त्यांना सोबत आणलं, तो मान म्हणून. त्यांना 'दाखवायला' आणलं होतं. पण एकदा मान दिल्यावर निवड त्यांच्या हातात गेली, आणि हे दुकानात पाऊल टाकेपर्यंत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी कॅबिनेट पुढे केला. निखिलराव हसले.

"अहो ताई, हे आता कोण वापरतं? आमच्या ऑफिसात एक डबा दिसणार नाही तुम्हाला." ते फिरत फिरत तळ्याच्या चित्रापाशी थांबले. "हा बघा, बाबा. ऑल-इन-वन. सगळं स्क्रीनच्या मागेच बसवलेलं. वायर नाहीत, पसारा नाही. आईंना पलंगावरूनसुद्धा सगळं दिसेल."

ते अखेरचं वाक्य त्यांनी मनापासून म्हटलं होतं. काकांचा चेहरा त्यानं हळवा झाला.

"मशीन सुंदर आहे," मी म्हणाले, "पण आतला प्रोसेसर अगदी हलका आहे. जड सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर तो पुरणार नाही."

"जड म्हणजे काय हो आता? माझं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं. खरं मशीन कुठे तरी सर्व्हरवर असतं. आपल्यापुढे असते ती नुसती खिडकी. मग खिडकी मोठी घेतलेली बरी, नाही का?"

त्यांच्या कामापुरतं ते अगदी खरं होतं. त्यांच्यामागे कंपनीचा सर्व्हर होता. सुजाताच्या मागे भिंत होती, आणि भिंतीपलीकडे रेल्वेचा रूळ.

मी काकांकडे पाहिलं. "काका, परवा आपलं मोटरचं बोलणं झालं ना? यांनाही एकदा सांगा, मशीनवर कोण काय करणार आहे ते."

काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घरासाठीच घ्यायचाय, ताई. घरासाठी. जावईबापू म्हणतील तसं."

आणि मग निखिलरावांनी स्वतःहून विचारलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या गोष्टीत कुणी न विचारल्याचा दोष त्यांच्यावर येऊ नये. ते वळून म्हणाले, "सुजाता, तुला आणखी काही लागतं का यात? बोल की. नंतर म्हणशील, दाजींनी विचारलंच नाही."

सुजाताचे हात तिच्या ओढणीच्या टोकाशी होते. तिनं वडिलांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत. ते फक्त त्या तळ्याकडे पाहत राहिले.

"नाही, दाजी," ती म्हणाली. "छान आहे."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात गल्ल्यावरून शेठ म्हणाले, "मॅडम, कविता पुरे. गिऱ्हाइकाला पसंत आहे ना? बिल बनवा." निखिलराव हसले. काकाही हसले. सत्तावीस इंचांचा तो खोका रिक्षात मावेना, म्हणून निखिलरावांनी स्वतः गाडीच्या मागच्या सीटवर लहान बाळासारखा निजवला आणि त्याच्या पुढून पट्टा बांधला.

तीन-चार आठवड्यांनी सुजाता एकटी आली. चेहरा सुकलेला. टूलरूमची टेस्ट आली होती. सुटे भाग तिनं पटापट उभे केले, पण ते एकत्र जोडू लागल्यावर मशीन थांबू लागलं. एक भाग फिरवायला सांगावा, तर पांढरं वर्तुळ गरगरत राही. कधी सगळंच बंद पडे आणि केलेलं काम जाई.

"ताई, प्रोसेसर बदलता येतो ना?"

मला उत्तर ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी दुकान आटोपल्यावर मी रफिकभाईंना घेऊन दापोडीला गेले. रफिकभाई म्हणजे आमचे दुरुस्तीचे मेकॅनिक. मशीन उघडण्याआधी ते त्यावरून हात फिरवत, जनावराला चुचकारावं तसा.

खोली लहान होती. एका भिंतीला पलंग, त्यावर आई. समोरच्या भिंतीला ती स्क्रीन. इतकी मोठी, की खोलीला दुसरी खिडकी असल्यासारखी वाटत होती. सुजातानं फिक्श्चर उघडून दाखवलं. राखी रंगाचे भाग, एकमेकांत अचूक बसलेले, प्रत्येक कड स्वच्छ. मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण चांगली बांधलेली रचना कळते. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. तिनं ती फिरवायला घेतली. चित्र गोठलं. मागून पंख्याचा आवाज चढत गेला, बारीक, केविलवाणा, आणि तापल्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर झाला. बाहेरून गाडी गेली. सगळी खोली थरथरली, स्क्रीनही थरथरली, पण चित्र हललं नाही.

रफिकभाईंनी मशीन पालथं घातलं, मागचं झाकण उघडलं आणि बॅटरीचा उजेड पाडला. "मॅडम, बघा," ते म्हणाले. "हा प्रोसेसर बोर्डालाच डाक दिलेला हाय. निघणारच नाही. रॅम एक वाढवता येईल, पण फरक थोडाच पडेल." मग सुजाताकडे वळून, "बेटा, मशीन खराब नाही. पण हे तुझ्या कामाचं नाही."

झाकण लावता लावता त्यांनीच मार्ग काढला. हिंजवडीच्या कंपन्या जुने कॅबिनेट विकायला काढतात. वापरलेले, पण प्रोसेसर दमदार. त्यांच्या ओळखीचा एक व्यापारी होता. तो हे ऑल-इन-वन घेऊन बदल्यात तसा एक कॅबिनेट आणि साधी स्क्रीन द्यायला तयार झाला असता. त्याला अशी देखणी वस्तू हवीच होती. टूलरूमनं सुजाताला आठवड्याची मुदत वाढवून दिली होती. दोन दिवसांत सगळं जुळलं असतं.

सुजाताच्या हातांत जीव आला. तेवढ्यात काका शिफ्टवरून आले. मी त्यांना सगळं समजावलं. ते पायरीवर बसून बूट सोडत ऐकत होते.

"आणि रविवारी जावईबापू आले, की त्यांना काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"खरं ते सांगा. हिच्या कामासाठी बदलला म्हणून सांगा."

"म्हणजे तुम्ही निवडलेलं निकामी निघालं, आम्ही मोडीत दिलं, असंच ना?"

"काका, तुम्हाला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. लोड आला की बसणार, हे तुमचेच शब्द. मग त्या वेळी का नाही बोललात?"

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी हातात धरून ठेवली. "ताई, थोरलीला तिथं नांदायचंय," ते म्हणाले. "वर्षसुद्धा झालं नाही अजून. आज मी त्यांचा शब्द खाली पाडला, तर उद्या बोलणं तिनं ऐकायचं. धाकटी माझ्यापाशी आहे. हिचं मी बघून घेईन."

सुजातानं माउस धरला आणि गोठलेलं चित्र बंद केलं. स्क्रीनवर दुकानातलंच ते तळं उमटलं. पलंगावरून आईनं काहीतरी म्हटलं. अर्ध्या ओठांतून आलेला तो शब्द मला कळला नाही, आणि कुणी तो पुन्हा विचारला नाही. जिना उतरताना रफिकभाई एवढंच म्हणाले, "मी बोलायला नको होतं. पोरीला उगाच आस लावली."

मी निखिलरावांना परस्पर फोन का केला नाही, असं वाचणाऱ्याच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सुजातालाच विचारलं, "मी बोलू का तुझ्या दाजींशी?" ती घाईनं म्हणाली, "नको ताई. बाबांना वाटेल, मीच तुम्हाला पढवलं." तिचं घर, तिचं काम, आणि नकारही तिचाच. त्यापलीकडे जायचा अधिकार मला कुणी दिला होता?

टूलरूमचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. त्यांचंही चुकलं नव्हतं. फिक्श्चर वेळेवर लागतं, नाहीतर पुढची सगळी लाइन खोळंबते. सुजातानं तसं मला फोनवर सांगितलं, एखादी बातमी वाचून दाखवावी तशा सुरात. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

दुकान बंद होण्याच्या सुमारास, माल उतरत्या भावात काढला होता तेव्हा, एक तरुण स्त्री आली. काउंटरपाशी थोडी घुटमळली.

"तुम्ही त्या ताई ना? मी सुजाताची मोठी बहीण. वैशाली."

मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"आई परवा बोलून गेली," ती म्हणाली. "सुजाताचं काम गेलं ते माझ्यामुळे. माझ्या संसारापायी. खरं आहे का, ताई?"

मी जे घडलं ते सांगितलं. जास्त नाही, कमी नाही. ऐकताना तिची नजर काउंटरच्या काचेवर होती, पण ती त्या काचेत काही पाहत नव्हती.

"पण हे चिडले नसते हो," ती एकदम म्हणाली. "कध्धीच चिडले नसते. तुम्ही ओळखत नाही त्यांना. कॉम्प्युटर घेतला त्या रात्री घरी आल्यावर मलाच विचारत होते, सुजाता मनापासून हो म्हणाली ना, का भिडेनं म्हणाली? मी म्हटलं, मनापासून. मला कुठे ठाऊक होतं! माझ्या नावानं सगळे गप्प बसले आणि मलाच कुणी सांगितलं नाही. एकदा, ताई. एकदा मला विचारायचं ना. मी त्यांना सांगितलं असतं, ते स्वतः जाऊन बदलून घेऊन आले असते."

तिचा आवाज चढला होता. माल पाहायला आलेली दोन माणसं वळून बघू लागली, तशी ती थांबली आणि पदरानं ओठावरचा घाम टिपला.

"सुजाता कशी आहे?" मी विचारलं.

"आहे. आईचं करते. गल्लीतल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते त्याच्यावर. माझ्याशी बोलते, नाही असं नाही. काय हवं-नको विचारते. पाहुण्यासारखी."

मला वाटलं, आता ही म्हणेल, आज घरी जाऊन मी त्यांना सगळं सांगते. अजून काही बिघडलं नव्हतं. ती मुलगी होती, तिचे हात होते, रफिकभाईंचा व्यापारी होता, भोसरीत आणखी टूलरूम होत्या. मी तसं म्हणालेही. वैशालीनं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. पर्स उघडली, पुन्हा मिटली.

"ताई, एक विनंती होती," ती म्हणाली. "ह्यांना यातलं काही कळू देऊ नका. कधी भेटले, तरी. फार हौसेनं निवडलाय त्यांनी तो. दर रविवारी गेलो, की आधी त्याच्यापुढे बसतात, आईला गाणी लावून देतात. आता कळलं, तर फार वाईट वाटेल त्यांना."

तिनं मागच्या फळीकडे बोट केलं.

"आणि मोठी स्क्रीन पुसायचं ते असतं ना, बाटली आणि मऊ कापड? ते एक द्या. रेल्वेची धूळ फार बसते तिथं."

मी फळीवरून बाटली काढली, कापड काढलं आणि तिच्या हातात दिलं.